हरिकेन येण्याआधी घर सोडण्याचे नियोजन कसे करावे

हरिकेन (अटलांटिकमधले तीव्र चक्रीवादळ) आल्यास घर सोडायचे की नाही, हे वादळाचे नाव बातम्यांत येण्यापूर्वीच ठरलेले असावे. अटलांटिकमधला हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. म्हणून ह्यूस्टन परिसरातील मराठी कुटुंबांनी मे महिन्यातच आपला पत्ता कोणत्या ‘झिप झोन’मध्ये (झिप कोड, म्हणजे पिनकोडनुसार आखलेल्या विभागात) येतो का ते पाहून ठेवावे, कारण घर सोडण्याचे आदेश या विभागांनुसार निघतात. पत्ता त्यांत नसेल, घर पक्के असेल आणि पुराच्या पट्ट्यातही नसेल, तर बहुधा घरीच थांबणे योग्य. २००५ मध्ये रिटा हरिकेनच्या वेळी २५ लाखांहून अधिक लोक एकदम बाहेर पडले, गाड्या भर उन्हात तासन्‌तास अडकल्या आणि वादळ पोहोचण्याआधीच रस्त्यात अनेकांचे प्राण गेले.

हरिकेनला दिलेल्या १ ते ५ या कॅटेगरीच्या आकड्यावर मात्र विसंबू नये, कारण तो फक्त वाऱ्याचा वेग सांगतो. २००८ मधले आइक हरिकेन किनाऱ्यावर आले ते कॅटेगरी २ म्हणून, तरी टेक्ससच्या किनाऱ्यावरील बोलिव्हर द्वीपकल्पावर १५ ते २० फूट पाणी चढले.

‘वॉच’ (हरिकेन येण्याची शक्यता) वादळी वारे पोहोचण्याच्या साधारण ४८ तास आधी जाहीर होतो आणि ‘वॉर्निंग’ (हरिकेन येणे अपेक्षित) ३६ तास आधी. झोनमधल्या कुटुंबाने वॉच लागताच गाडीची टाकी भरावी. घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे मूल असल्यास आदेशाची वाट न पाहता निघावे. मुक्कामाची दोन ठिकाणे वेगवेगळ्या दिशांना ठरवावीत, उदाहरणार्थ सॅन अँटोनियो आणि डॅलस, म्हणजे एक रस्ता तुंबला तरी दुसरा उरतो.

उन्हाळ्यात भारतातून आलेले आई-बाबा अनेक घरांत याच काळात असतात. त्यांची सगळी औषधे सोबत घ्यावीतच, शिवाय त्यांची मूळ रासायनिक नावे आणि मात्रा कागदावर लिहून ठेवावी, कारण भारतातली ब्रँडची नावे अमेरिकेतल्या फार्मसीत सहसा ओळखीची नसतात. पासपोर्ट, व्हिसाचे आय-७९७ (अमेरिकी इमिग्रेशन खात्याची मंजुरीची नोटीस) आणि विम्याचे कागद पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावेत. कुटुंबाची ताटातूट झाल्यास सर्वांनी पुण्या-नागपूरकडच्या एकाच ठरलेल्या नातेवाइकाला खुशाली कळवावी.

घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरलेले नसते आणि सरकारी पूर विमा साधारणपणे घेतल्यापासून ३० दिवसांनी लागू होतो, त्यामुळे तोही मे महिन्यातच घेऊन ठेवावा.