घाना: घर बघायला जाल तेव्हा आधी मीटर बघा

राजधानी अक्रा किंवा शेजारच्या तेमा बंदरात नोकरी लागली की आपली माणसं पहिल्यांदा भाडं विचारतात, मग तांदूळ कुठे मिळतो ते. मी म्हणतो, आधी मीटर विचारा. एजंट टाइल्स दाखवेल, एसी दाखवेल. तुम्ही त्याला मीटरपाशी न्या. प्रीपेड आहे का, कुणाच्या नावावर आहे, जुनी थकबाकी कुणी भरायची आणि मुख्य म्हणजे तो एकट्या तुमच्याच घराचा आहे का. एका आवारात चार बिऱ्हाडं आणि मीटर एकच, अशी घरं इथे भरपूर. एकाकडे नुसता पंखा, दुसऱ्याकडे फ्रीझर. युनिट संपले की पैसे कुणी टाकायचे यावरून कटकट ठरलेली. कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा असली तरी घरमालक वर्ष-दोन वर्षांचं भाडं आगाऊ मागतात. म्हणजे राहायला गेल्यावर कळून काही उपयोग नाही.

मिक्सर खुशाल आणा. इथेही 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ. फक्त आपली गोल पिन इथल्या चौकोनी भोकांत जात नाही, म्हणून प्लग बदलून घ्या. फ्रिज-टीव्हीला मात्र स्टॅबिलायझर हवाच. लाइट परत येते तेव्हाचा झटका वाईट असतो.

लाइट गेली तर खिडकीतून बाहेर बघा. फक्त तुमच्याकडे अंधार असेल तर बॅलन्स संपला; फोनवरून मोमोने (म्हणजे मोबाइल मनी, फोनवरचं पैशांचं खातं) भरा. सगळी गल्ली गेली असेल तर बहुधा ट्रान्सफॉर्मर, तक्रार नोंदवा. एरिया पाळीपाळीने जायला लागले तर मामला मोठा आहे. त्याला इथे ‘डुमसॉर’ म्हणतात. आपलं लोडशेडिंगच, पण इथे त्यावर सरकारं हादरतात. 2015 मध्ये काही काळ चोवीस तास लाइट नाही आणि मग बारा तास आहे, असा हिशोब होता. वर्षअखेरीपर्यंत डुमसॉर संपवला नाही तर पद सोडेन असं वीजमंत्री बोलून बसले होते, आणि त्यांनी खरंच राजीनामा दिला. तो शब्द पाळणारा मंत्री म्हणून मला अजून त्यांचं कौतुक वाटतं.

हे असं का होतं ते समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरणार नाही. घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या काळात व्होल्टा नदीवर अकोसोम्बो धरण बांधलं, 1966 च्या जानेवारीत उद्घाटन झालं आणि पुढच्याच महिन्यात त्यांची सत्ता उलथली. धरणाची क्षमता आज 1020 मेगावॅट. आपलं कोयना 1960 मेगावॅटचं आहे, पण व्होल्टाचा जलाशय साधारण 8500 चौरस किलोमीटर पसरलेला आहे! सुरुवातीला या विजेचं मोठं गिऱ्हाईक तेमातलाच ॲल्युमिनियमचा कारखाना. पाऊस कमी झाला की तळं उतरायचं आणि वीज तुटायची. 1983-84 आणि 2006-07 मध्ये तसंच झालं. मग गॅसवरची केंद्रं आली. आता निम्म्याहून जास्त वीज त्यांचीच, म्हणजे काळजी ढगांवरून गॅसच्या पाइपवर आली. 2012 च्या ऑगस्टमध्ये टोगोजवळ जहाजाच्या नांगराने नायजेरियाहून येणारी समुद्राखालची पाइपलाइन फुटली आणि गॅस कित्येक महिने बंद राहिला. त्यात इंधनाची बिलं थकणं हा कायमचा आजार. म्हणून ‘एवढं मोठं धरण असून लाइट कशी जाते?’ हा प्रश्न ऑफिसात विचारू नका, सगळे हसतात.

सोलरचा सरकारी हिशोब अजून बारीकच आहे. 2011 मध्ये कायदा झाला, 2020 पर्यंत दहा टक्के अपारंपरिक ऊर्जेचं लक्ष्य होतं, ते 2030 वर गेलं. आजही वाटा एक टक्क्याच्या आसपास. त्यातल्या त्यात बुई इथल्या वीजप्रकल्पाचं काम मला पटतं: 400 मेगावॅटच्या धरणाशेजारी 50 मेगावॅटचं सोलर, वर थोडे पॅनल पाण्यावर तरंगते. दिवसा उन्हावर चालवा, पाणी संध्याकाळसाठी राखा.

तुमच्यापुरतं बोलायचं तर जनरेटरच्या आधी इन्व्हर्टर-बॅटरीचा विचार करा. पेट्रोल महाग, शिवाय आवाजाने शेजारी वैतागतात. स्वतःचं घर असेल किंवा मालक तयार असेल तर छतावर पॅनल बसवा, पण पुसायला हात पोचेल अशा जागी. डिसेंबर-जानेवारीत हरमॅटनचा वारा सहारातली धूळ घेऊन येतो, पॅनलवर पिठासारखा थर बसतो आणि ऊन असूनही बॅटरी भरत नाही. पुसायचं ते सकाळी, पॅनल गार असताना.