चित्रपटांतला मास्तर ग्रंथालयात कसा शोधायचा

मराठी चित्रपटांतले शिक्षक आठवा म्हटलं की ‘पिंजरा’तले गुरुजी चटकन डोळ्यांसमोर येतात. थोडं ताणलं तर ‘दहावी फ’मधले सर. तिसऱ्या नावाला डोकं खाजवावं लागतं. तिसरा मास्तर नाहीच असं नव्हे. टीव्हीवर जे चित्रपट पुन्हापुन्हा लागतात तेवढ्यापुरतीच आपली आठवण असते. एखादा विषय किंवा एखादी व्यक्तिरेखा चित्रपटांतून कशी बदलत गेली हे पाहायचं असेल, तर आठवणीवर विसंबून भागत नाही. त्यासाठी ग्रंथालयात जाऊन बसावं लागतं.

मी इथे उदाहरणाला शाळामास्तर घेतला आहे. तुम्ही पाटील घ्या, सासू घ्या, पोलीस घ्या, गिरणी कामगार घ्या, वाट तीच आहे. कॉलेजच्या प्रकल्पासाठी, लेखासाठी किंवा निव्वळ स्वतःच्या कुतूहलासाठी, कशासाठीही ती उपयोगी पडेल.

पायरी पहिली: आधी शब्द जमवा

ही पायरी सगळे जण गाळतात आणि पुढचं सगळं तिच्यावरच अवलंबून असतं. ग्रंथालयात चित्रपट शब्दाने सापडतो. शब्द चुकला की समोरच्या कपाटात असलेली गोष्टही हाती लागत नाही.

म्हणून घरून निघण्याआधी एका कागदावर आपल्या व्यक्तिरेखेची जितकी नावं सुचतील तितकी लिहून काढा. शिक्षक, शिक्षिका, मास्तर, हेडमास्तर, गुरुजी, सर, बाई, मॅडम, पंतोजी. मग तिच्याभोवतीचे शब्द लिहा: शाळा, वर्ग, छडी, परीक्षा, बदली, आश्रमशाळा, साक्षरता, क्लास. त्यानंतर प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या काळातला आणि कुठला वाटतो हे लिहा. ‘पंतोजी’ म्हटलं की ओसरीवरची जुनी शाळा दिसते, ‘गुरुजी’ म्हटलं की गावची प्राथमिक शाळा आणि ‘सर’ म्हटलं की हायस्कूल. शोध सुरू व्हायच्या आधीच तुमच्या अभ्यासाचा नकाशा त्या कागदावर उमटायला लागतो.

कोणता शब्द दगा देईल हेही आधी माहीत असलेलं बरं. सिनेमाच्या सूचीत ‘मास्टर’ किंवा ‘मास्तर’ शोधलंत तर मास्टर विनायक आणि मास्टर कृष्णराव यांच्या नोंदींचा ढीग पुढ्यात येतो. त्यांतला एकही आपला शाळामास्तर नव्हे. ‘गुरुजी’ शोधलं की साने गुरुजी येतात. ते स्वतः अमळनेरला शिक्षक होते, पण सूचीत ते लेखक म्हणून आलेले असतात. ‘बाई’चं तर बोलायलाच नको. अशा वेळी दोन शब्द जोडून शोधा: ‘गुरुजी’ आणि ‘शाळा’, ‘बाई’ आणि ‘वर्ग’. बऱ्याच ग्रंथालयांची संगणकावरची सूची रोमन लिपीत आहे आणि तिथे एकाच शब्दाची दोन-तीन स्पेलिंगं सापडतात. प्रत्येकाने एकदा शोधून पाहा.

पायरी दुसरी: इंग्रजी सूचीतला ठरलेला साचा ओळखा

विद्यापीठांची आणि मोठी ग्रंथालयं इंग्रजी पुस्तकांना ठरावीक विषयशीर्षकं देतात. चित्रपटातल्या व्यक्तिरेखांसाठी त्यांचा एक साचाच आहे. आधी माणसाचा प्रकार अनेकवचनात आणि मग ‘इन मोशन पिक्चर्स’. ‘टीचर्स इन मोशन पिक्चर्स’, ‘विमेन इन मोशन पिक्चर्स’, ‘मदर्स इन मोशन पिक्चर्स’. सूचीच्या ‘विषय’ या रकान्यात हे इंग्रजीतून लिहिलं की शीर्षकात ‘टीचर’ हा शब्दही नसलेली पुस्तकं वर येतात. ही एक युक्ती तुमचे दोन दिवस वाचवेल.

ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरलेला क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेल्या ग्रंथालयात चित्रपटांची पुस्तकं ७९१.४३ या क्रमांकाखाली असतात. चित्रपटांतले विषय आणि व्यक्तिरेखा त्याच्या पोटात ७९१.४३६ च्या आसपास सापडतात. संगणकावर एक पुस्तक सापडलं की त्यावर समाधान मानू नका. कपाटाशी जा आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पुस्तकं काढून बघा.

मराठी पुस्तकांच्या बाजूला मात्र हा साचा चालत नाही. गावातल्या वाचनालयात सिनेमाची निम्मी पुस्तकं ‘चरित्र-आत्मचरित्र’ या कपाटात असतात. व्ही. शांताराम यांचं ‘शांतारामा’ तिथे आणि डॉ. श्रीराम लागू यांचं ‘लमाण’ही तिथेच. ‘पिंजरा’चे दिग्दर्शक शांताराम आणि त्यातले गुरुजी डॉ. लागू, म्हणजे एकाच चित्रपटाच्या दोन बाजूंची माणसं एकाच कपाटात शेजारी उभी. ग्रंथपालांना ‘सिनेमावर काय आहे?’ एवढंच विचारलंत तर ही दोन्ही पुस्तकं कुणी काढून देणार नाही. ‘नटांची आणि दिग्दर्शकांची आत्मचरित्रं कुठे आहेत?’ असंही विचारा.

पायरी तिसरी: चित्रपटांची यादी करा आणि सालं तपासा

आता संदर्भ विभागात बसा. आशिष राजाध्यक्ष आणि पॉल विलेमन यांचा भारतीय चित्रपटांचा इंग्रजी कोश १९९४ मध्ये आला आणि १९९९ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात निवडक चित्रपट सालाप्रमाणे लावले आहेत आणि प्रत्येकाची थोडक्यात कथाही दिली आहे. विषय शोधणाऱ्याला ही कथाच हवी असते. एका दशकाची पानं सलग चाळायची आणि ‘टीचर’, ‘स्कूलमास्टर’ हे शब्द दिसले की चित्रपट टिपायचा. कंटाळवाणं काम आहे, पण ‘मास्तर’ शोधून न सापडणारे मास्तर असेच हाती लागतात. ‘इंडियनसिने.मा’ या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येतं. मराठी विश्वकोशातली चित्रपटाची नोंद पार्श्वभूमीसाठी वाचा. मराठी चित्रसृष्टीवर आयुष्यभर लिहिणाऱ्या इसाक मुजावर यांची पुस्तकंही मागून घ्या.

यादीत एकेका चित्रपटाला दोन-दोन सालं दिसतील. घाबरू नका. ‘सामना’ कुठे १९७४ चा म्हणून लिहिलेला आहे, कुठे १९७५ चा. ‘शाळा’ला २०११ सालचा राष्ट्रीय पुरस्कार आहे आणि तो प्रदर्शित झाला जानेवारी २०१२ मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारासाठी सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष धरतात आणि प्रेक्षक प्रदर्शनाचं वर्ष सांगतो, म्हणून हा घोळ होतो. आपल्या वहीत दोन्ही लिहा. वर्तमानपत्रातलं परीक्षण शोधायची वेळ येईल तेव्हा प्रदर्शनाचंच साल कामाला येतं.

पायरी चौथी: पुस्तिका मागा

माझा सगळ्यात जास्त जीव या पायरीवर आहे. जुन्या काळी चित्रपटगृहाबाहेर चित्रपटाची पुस्तिका विकायला असायची. रंगीत मुखपृष्ठ, आत मोजकी पानं, कलाकारांची नावं, गाणी आणि कथासार. गाण्यांसाठी लोक ती जपून ठेवत, संशोधकाने कथासारासाठी उघडावी. निर्मात्याने आपल्या पात्राची ओळख प्रेक्षकाला कोणत्या शब्दांत करून दिली ते इथेच कळतं. ‘गरीब पण स्वाभिमानी शिक्षक’ की ‘गावाचा लाडका मास्तर’ की नुसताच ‘नायक’? कथासार बहुतेक वेळा ऐन रंगात येऊन थांबतं आणि पुढचं रुपेरी पडद्यावर पाहा असं सांगतं. तो थांबण्याचा क्षण नीट टिपून ठेवा. कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळवण्यासाठी प्रेक्षकाने तिकीट काढावं असं निर्मात्याला वाटत होतं, ते तिथे उघड होतं.

जुने अनेक चित्रपट आता उरलेलेच नाहीत. मूकपटांपैकी तर मोजकेच शिल्लक आहेत. अशा चित्रपटांतला मास्तर पाहता येत नाही, पण पुस्तिका, जाहिरात किंवा एखादं छायाचित्र हाती आलं तर त्याची अंधूक आकृती उभी करता येते.

हे साहित्य सांभाळणारी मोठी जागा म्हणजे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. १९६४ मध्ये ते सुरू झालं. पी. के. नायर यांनी आपली उमेदीची वर्षं तिथे चित्रपट जमवण्यात घातली. २०२२ पासून ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या छत्राखाली आहे. पुस्तकं, पटकथा, पुस्तिका, पोस्टरं, कात्रणं असा तिथला संग्रह आहे. जाण्याआधी संपर्क साधून वेळ ठरवा, ओळखपत्र न्या आणि काय पाहायचं आहे त्याची चित्रपटवार यादी आधी पाठवा. ‘शिक्षकांवरचं काहीही दाखवा’ या मागणीने तिथल्या माणसांना कामच करता येत नाही. ‘या बारा चित्रपटांच्या पुस्तिका’ म्हटलं की काम सुरू होतं.

पायरी पाचवी: परीक्षणं आणि नियतकालिकं

इथे पटकन सांगते. मराठी नियतकालिकांत विषयावरून शिरायला सोपी वाट नाही, म्हणून तारखेवरून शिरा. प्रदर्शनाची तारीख काढा आणि तिथून पुढच्या चार रविवारच्या पुरवण्या बघा. ‘रसरंग’सारख्या चित्रपट साप्ताहिकांचे बांधीव अंक कोणत्या जुन्या वाचनालयात आहेत याची चौकशी करा. बाबूराव पटेल यांचं ‘फिल्मइंडिया’ हे १९३५ मध्ये सुरू झालेलं इंग्रजी मासिक आहे, त्याचे बरेच अंक इंटरनेट अर्काइव्हवर मोफत वाचता येतात. परीक्षण वाचताना शिक्षकाच्या पात्राबद्दल काय लिहिलंय ते पाहाच, पण काहीच लिहिलेलं नसेल तर तेही टिपा.

पायरी सहावी: पात्राचं मूळ गाव शोधा

बरीच पात्रं पडद्यावर येण्याआधी कागदावर जगलेली असतात. ‘शाळा’ मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवरून आला. ‘निशाणी डावा अंगठा’ रमेश इंगळे उत्रादकर यांच्या कादंबरीवरून आला आणि साक्षरता मोहिमेला जुंपलेले गुरुजी त्यात आहेत. मूळ पुस्तक आणि चित्रपट शेजारी ठेवून पात्राचं काय कापलं, काय वाढवलं ते पाहा. जुन्या चित्रपटांची मुळं शोधताना शंकर गणेश दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चे खंड उघडा. १८०० ते १९५० पर्यंतची छापील मराठी पुस्तकं त्यांत विषयवार नोंदलेली आहेत.

कधी मूळ फार लांब निघतं. ‘पिंजरा’ (१९७२) ज्याच्यावर बेतला तो ‘द ब्लू एंजल’ हा १९३० चा जर्मन चित्रपट आणि त्याच्याही मागे हाइनरिश मान यांची १९०५ ची कादंबरी. तिकडचा प्राध्यापक गाणाऱ्या बाईच्या नादाने आपली प्रतिष्ठा गमावून रंगमंचावरचा विदूषक होतो. इकडचे गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने घसरतात, पण गाव त्यांना मेलेलं समजून त्यांचा पुतळा उभारतं आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप ते मुकाट्याने पत्करतात. माणूस बुडाला तरी चालेल, ‘गुरुजी’ बुडता कामा नये! ही भर जर्मन नाही, ती आपल्याकडची आहे. हा फरक तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही.

याच डॉ. लागूंना ‘सामना’मध्येही सगळे मास्तरच म्हणतात. पण ती गोष्ट शाळेची नाही, ती साखर कारखान्याच्या गावातल्या सत्तेची आहे. मारुती कांबळेचं काय झालं, हा त्यातला प्रश्न. मग हा मास्तर आपल्या यादीत घ्यायचा का? मी घेतला, कारण अडचणीचा प्रश्न विचारायला लेखकाला मास्तर म्हटला जाणारा माणूसच लागला. तुम्ही वगळलात तरी हरकत नाही. का वगळला ते मात्र वहीत लिहा.

पायरी सातवी: मग चित्रपट पाहा, तक्ता समोर ठेवून

आता चित्रपट पाहायला बसा. एका मोठ्या कागदावर रकाने आखा: नाव, दोन्ही सालं, लोक त्याला काय हाक मारतात, गावात की शहरात, शिकवताना दिसतो का, पगाराचा उल्लेख, लग्न, शेवट. आणखी एक रकाना: ही माहिती कुठून मिळाली, कोणतं पान, कोणता अंक. हा शेवटचा रकाना मी पहिल्या खेपेला आखला नव्हता. एका परीक्षणातली मोलाची ओळ उतरवून घेतली होती, अंकाची तारीख लिहिली नव्हती. ती ओळ पुन्हा शोधायला दोन पूर्ण दुपारी गेल्या आणि ती सापडली नाही ती नाहीच.

तक्ता भरत आला की रिकाम्या जागा दिसू लागतात. माझ्या तक्त्यात ‘बाई’ जवळजवळ नव्हत्याच. म्हणून पुन्हा पहिल्या पायरीवर गेले आणि ‘शिक्षिका’ सोडून ‘समाजसुधारक’ हा शब्द घेऊन सूचीत शिरले. तिथे आचार्य अत्र्यांचा १९५४ चा ‘महात्मा फुले’ होता, चरित्रपट म्हणून नोंदलेला, आणि त्यात सुलोचनाबाईंची सावित्रीबाई. मुलींना शिकवणारी ती बाई सूचीत शिक्षकांच्या वाटेने कधीच आली नसती. तिच्यासाठी तक्त्यात नवी ओळ आखली आणि शब्दांच्या कागदावर ‘समाजसुधारक’खाली ‘सेविका’, ‘परिचारिका’, ‘विधवा’ असे आणखी तीन शब्द लिहिले. पुढच्या शनिवारी त्यांच्यापासून सुरुवात करायची आहे.