बंड्याचे सोळा डोस: कुत्र्याच्या कॅन्सरसाठी पैसे उभे करताना

बंड्याची मान खाजवताना जबड्याखाली दोन गाठी हाताला लागल्या, दोन्ही बाजूंना सारख्या, गोट्यांएवढ्या. दाबल्या तरी तो कुरकुरला नाही, म्हणून "काहीतरी चावलं असेल" म्हणत मी आठ दिवस घालवले. मग सुईने पेशी काढून तपासल्या आणि लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. डॉक्टरांनी सरळ सांगितलं: उपचार केले नाहीत तर साधारण चार ते सहा आठवडे. केमोथेरपी दिली तर बहुतेक कुत्र्यांच्या गाठी विरतात आणि अनेकांना वर्षभराच्या आसपास चांगले दिवस मिळतात. कायमचे बरे होणारे थोडेच.

त्याच रात्री मी लोकांकडे मदत मागणारं लांबलचक पत्र लिहून सगळ्या ओळखीच्यांना पाठवलं. बंड्या घरी कसा आला, पावसात कसा भिजला होता, माझ्या आजारपणात पायाशी कसा बसून राहिला, सगळं त्यात होतं. शेवटी एक भलीमोठी गोल रक्कम. तीन दिवसांत हात जोडलेली चित्रं भरपूर आली, पैसे दोघांनी दिले, आणि त्यातली एक माझी सख्खी आत्या. चौथ्या दिवशी नणंदेचा फोन आला. ती बँकेत आहे. म्हणाली, "वहिनी, रडणं पोचलं. आता आकडा सांगा. कशाचा, किती, कोणाला द्यायचा?"

पुढचं सगळं त्या फोननंतर शिकलेलं आहे.

आधी रिपोर्ट, मग मागणी. गाठ नेमकी कसली हे ठरेपर्यंत लोकांकडे जाऊ नका. तपासणीचा खर्च शक्यतो स्वतःच्या खिशातून करा. कॅन्सर म्हणजे एक आजार नव्हे. हाडाच्या कॅन्सरमध्ये पाय काढायची वेळ येऊ शकते, मास्ट सेल ट्यूमर (बहुतेकदा कातडीवर येणारी गाठ) कधीकधी एका शस्त्रक्रियेत संपतो, लिम्फोमाला कित्येक महिने औषधं लागतात. तिन्हींचा खर्च वेगळा, म्हणून मागणीही वेगळी. आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगायला हवी होती: लिम्फोमाचा संशय असताना "सूज उतरू दे" म्हणून घरात पडलेली स्टेरॉइडची गोळी देऊ नका. तपासणीचा निकाल गढूळ होऊ शकतो आणि पुढे केमोचा परिणामही कमी होऊ शकतो. पैसे जमेपर्यंत काय द्यायचं, हे डॉक्टरांनाच विचारा.

मग लेखी अंदाजपत्रक घ्या. केमोचा डोस शरीराच्या आकारावर ठरतो, त्यामुळे दुसऱ्याच्या छोट्या कुत्र्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही. बंड्याला जो क्रम ठरला त्यात व्हिन्क्रिस्टिन, सायक्लोफॉस्फामाइड, पुन्हा व्हिन्क्रिस्टिन आणि डॉक्सोरुबिसिन, असा फेरा चार वेळा होता. सोबत सुरुवातीचे काही आठवडे प्रेडनिसोलोन, म्हणजे डॉक्टरांनी ठरवून दिलेलं स्टेरॉइड. म्हणजे 16 डोस, आणि मधल्या सुट्ट्या धरून 19 आठवडे. प्रत्येक डोसआधी रक्ततपासणी. डॉक्सोरुबिसिन हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून त्याआधी हृदयाची सोनोग्राफी. उलट्यांची औषधं. शिवाय शू-शी साफ करायला हातमोजे, कारण डोसनंतर काही दिवस त्यातून औषध बाहेर पडतं. हातमोजेसुद्धा यादीत लिहिले. लोकांनी त्याच ओळीबद्दल सगळ्यात जास्त विचारलं, आणि विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी पैसे दिले.

अंदाजपत्रक हातात आल्यावर न लाजता विचारा: यापेक्षा कमी खर्चाचा मार्ग आहे का? असतो. काही कुत्र्यांना एकटं डॉक्सोरुबिसिन तीन-तीन आठवड्यांनी देतात. फेऱ्या कमी, खर्च कमी, मिळणारा काळही सहसा कमी. नुसत्या स्टेरॉइडवर एक-दोन महिने बरे जातात. पशुवैद्यकीय महाविद्यालयात एखादी औषध-चाचणी चालू असेल तर काही खर्च तिथून निघू शकतो, तेही विचारून ठेवा. विमा आधी काढलेला असेल तर कागद शोधा; निदान झाल्यावर काढलेला विमा त्याच आजारासाठी सहसा चालत नाही.

आता मागणी. मी एकूण खर्चाला 16 ने भागलं आणि पुठ्ठ्यावर सोळा चौकोन आखले. वर दोन चौकोन वेगळ्या रंगात, ताप येऊन दवाखान्यात ठेवावं लागलं तर. केमोत पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा ही वेळ येऊ शकते. मग नवा मजकूर लिहिला, जेमतेम एवढाच:

"बंड्या सात वर्षांचा आहे. त्याला लिम्फोमा आहे. उपचाराने तो कायमचा बरा होईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. चांगला काळ मिळण्याची शक्यता मोठी आहे. 16 डोसांपैकी 5 आमच्या पैशातून होतील. बाकी 11 साठी मदत हवी आहे. अख्खा डोस नको, चौकोनाचा कोपरा भरला तरी चालेल. पैसे थेट दवाखान्याच्या खात्यात जमा करता येतील. अंदाजपत्रक सोबत जोडलं आहे. पैसे उरले तर त्याच दवाखान्यात दुसऱ्या कुत्र्याच्या कॅन्सरवर जातील."

"5 आमच्या पैशातून" हे वाक्य काढू नका. आपण स्वतः काय टाकतोय हे कळल्याशिवाय दुसऱ्याचा हात खिशाकडे जात नाही. आणि "कायमचा बरा होणार नाही" हेही काढू नका. नवऱ्याचं म्हणणं होतं, असं लिहिलं तर कोण देणार? उलट झालं. ज्यांनी आपली जनावरं गमावली होती त्यांनीच सगळ्यात आधी दिले.

फोटो दोन पुरेत: एक धावतानाचा, एक दवाखान्यातला. सलाईन लावलेल्या पायाचे दहा फोटो टाकू नका, लोक नजर फिरवतात. फोटोच्या कोपऱ्यात कुत्र्याचं आणि मोहिमेचं नाव घाला. कुणीतरी तुमचा फोटो उचलून स्वतःच्या खात्यावर पैसे मागू शकतं. रिपोर्टवरचा आपला पत्ता, फोन नंबर झाका.

पैसे गोळा करणारं संकेतस्थळ वापरणार असाल तर आधी तीन गोष्टी वाचा: ते किती टक्के कापतात, पैसे हातात यायला किती दिवस लागतात, आणि लक्ष्य पुरं झालं नाही तर जमलेली रक्कम मिळते की परत जाते. लिम्फोमा तुमच्या लक्ष्यासाठी थांबत नाही.

फोन मात्र करा. सामूहिक निरोपाला उत्तर द्यायचं कुणावरच येत नाही. मी रोज पाच फोन करायची, पैसे मागायला जीभ वळली नाही तर "हे पुढे चार जणांना पाठवशील का?" एवढंच म्हणायची.

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यावर?" हे ऐकावं लागेलच. मी पहिल्यांदा भांडले, अख्खी दुपार गेली. नंतर "तुमचं म्हणणं कळलं" म्हणून पुढचा नंबर लावायचे.

दर डोसनंतर चार ओळी आणि पावतीचा फोटो. सहाव्या डोसच्या दिवशी बंड्याच्या पांढऱ्या पेशी कमी निघाल्या, डोस आठवडाभर पुढे गेला आणि मी काहीच कळवलं नाही. दोन दिवसांत कुजबुज: गेला का? पैशाचं काय? म्हणून असं होऊ शकतं हे पहिल्याच निरोपात लिहून ठेवा. केस गळतील का, असंही विचारतात. बहुतेक कुत्र्यांचे गळत नाहीत, पूडलसारख्या सतत वाढणाऱ्या केसांचे गळू शकतात. बंड्याच्या फक्त मिशा गेल्या.

सोळाही डोस झाले. पाच महिन्यांनी गाठी परत आल्या. पुन्हा मागायचं नाही, हे आम्ही दोघांनी पहिल्याच आठवड्यात ठरवलं होतं. तेव्हा ठरवलं नसतं तर त्या दिवशी ठरवता आलं नसतं. गोळ्यांवर सहा आठवडे गेले, तेही लिहून कळवलं.

वेगळ्या रंगाच्या दोन चौकोनांतला एक तसाच उरला होता. दवाखान्याच्या बाकावर आमच्या शेजारी बसणारी एक म्हातारी कुत्री होती, नुकताच तिसरा डोस झालेली. ती रक्कम तिच्या नावावर वळवली, पावतीचा फोटो सगळ्यांना पाठवला आणि हिशेबाच्या शेवटच्या ओळीत शिल्लक शून्य लिहिली.