बेटावर यायचं तर नोव्हेंबर धरून या

पाटण तालुक्यातल्या आमच्या गावातून वनकुसवड्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या दिसायच्या. शाळेतून येताना त्या मोजायचा आमचा खेळ असायचा, आणि धुकं उतरलं की मोजणी चुकायची. पुढे इंजिनिअरिंग झालं, दोन वर्षं साइटवर नोकरी केली आणि मग स्वीडनच्या गॉटलंड बेटावर पवनऊर्जा प्रकल्प व्यवस्थापनाचं मास्टर्स करायला गेले. उप्साला विद्यापीठाचा एक कॅम्पस या बेटावर आहे. शिक्षणाचं एक वर्ष आणि त्यानंतर नोकरीचं एक, अशी दोन वर्षं मी तिथे काढली.

आता तिकडे जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचे फोन येतात. पहिला प्रश्न फीचा असतो, दुसरा थंडीचा. दोन्हींची उत्तरं मी देते, पण मला आधी वेगळंच सांगायचं असतं. गॉटलंडचे तुम्ही पाहिलेले सगळे फोटो जुलैमधले आहेत. तुम्ही राहणार आहात नोव्हेंबरात. निर्णय नोव्हेंबर डोळ्यांसमोर ठेवून घ्या.

बेट मोठं आहे, साधारण ३,१०० चौरस किलोमीटर, आणि वस्ती जेमतेम साठ हजारांच्या आसपास. मुख्य गाव विस्बी. त्याच्याभोवती तेराव्या शतकातली चुनखडीच्या दगडाची तटबंदी अजून उभी आहे, जवळजवळ साडेतीन किलोमीटर. १९९५पासून हे गाव जागतिक वारसा यादीत आहे. जूनअखेरीस इथे देशभरचे राजकारणी भाषणं करायला जमतात. १९६८मध्ये, पुढे पंतप्रधान झालेले ओलोफ पाल्मे एका ट्रकच्या फळीवर उभे राहून बोलले, तेव्हापासून ही प्रथा पडली. ऑगस्टमध्ये मध्ययुगीन सप्ताह भरतो. अर्धं गाव झगे आणि चामड्याच्या वहाणा घालून हिंडतं. नवे विद्यार्थी नेमके या गर्दीच्या शेवटाला पोचतात आणि त्यांना वाटतं, गाव असंच असतं. सप्टेंबरात एकेक दुकान ‘पुन्हा मे महिन्यात भेटू’ अशी पाटी लावून बंद व्हायला लागतं. तेव्हा पोटात खड्डा पडतो. माझ्या पडला होता.

अर्जाचं आधी उरकून टाकते. ऑगस्टअखेरीस सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाचा अर्ज त्याच वर्षीच्या जानेवारीच्या मध्यापर्यंत करावा लागतो, म्हणजे तयारी दिवाळीतच सुरू हवी. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०११पासून फी आहे. राहण्याच्या परवान्यासाठी दरमहा दहा हजार क्रोनांहून थोडी जास्त रक्कम खात्यात दाखवावी लागते. हा आकडा दरवर्षी बदलतो, म्हणून अर्जाच्या दिवशी सरकारी पानावर पाहूनच हिशेब करा.

आता जागेबद्दल. इथे मी रेंगाळणार आहे, कारण सगळ्यात जास्त त्रास मला याचाच झाला. विस्बीत खोली मिळते ती बहुतेक वेळा ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबर ते मे. उन्हाळ्यात तीच खोली पर्यटकांना आठवड्याच्या भावाने देता येते, म्हणून घरमालक विद्यार्थ्याला जूनमध्ये ठेवत नाहीत. माझ्या करारावर ३१ मे लिहिलं होतं. सही करताना मी तारीख वाचली, पण तिचा अर्थ माझ्या डोक्यात उतरला नाही. प्रबंध जूनच्या पहिल्या आठवड्यात सादर करायचा होता. त्या दहा दिवसांत मी तीन ठिकाणी राहिले. त्यातल्या एका ठिकाणी वर्गमैत्रिणीच्या स्वयंपाकघरात गादी टाकून झोपायचे आणि सकाळी सहाला गादी गुंडाळून त्याच टेबलावर लिहायला बसायचे. तेव्हा करार हातात आला की पहिल्यांदा शेवटची तारीख बघा. जूनचं काय, हे त्याच दिवशी लेखी विचारा. विचारण्यात तिथे कोणालाही उद्धटपणा वाटत नाही.

दुसरी अडचण नोंदणी क्रमांकाची. त्याला पर्सूननुमर म्हणतात. तो नसेल तर बँकेचं खातं अवघड, खातं नसेल तर बँकेकडून मिळणारी मोबाइलवरची डिजिटल ओळख नाही, आणि ती नसेल तर वर्गातल्या मुलांनी कॉफीचे पैसे वाटून घेतानाही तुम्ही बाजूला. रोख रक्कम बऱ्याच ठिकाणी चालत नाही. किमान वर्षभराचा मुक्काम असेल तरच हा क्रमांक मिळतो, म्हणून परवान्यावरच्या तारखा हातात पडताच तपासा. क्रमांक मिळाला की स्थलांतरितांसाठीचे स्वीडिश भाषेचे सरकारी वर्ग फुकट असतात. पहिल्याच आठवड्यात नाव घाला. अभ्यास इंग्रजीत असला तरी बेट स्वीडिशमध्ये बोलतं. शिवाय बेटाचा रहिवासी म्हणून नोंद झाली की बोटीचं तिकीटही स्वस्त पडतं.

आणि बोट ही इथली सगळ्यात मोठी गोष्ट. न्यूनेसहाम्न बंदरातून विस्बीला यायला सव्वातीन तास लागतात, आणि स्टॉकहोमहून न्यूनेसहाम्नपर्यंत लोकलने एक तास. दुकानातलं दूध, पोस्ट, औषधं, पाहुणे, बरंचसं बोटीनेच येतं. वादळ असलं की बोट सुटत नाही. पहिल्या डिसेंबरात भावाच्या लग्नासाठी मला घरी यायचं होतं. विमान स्टॉकहोमहून रात्रीचं, म्हणून मी सकाळची बोट धरली होती. पहाटे फोनवर निरोप आला : फेरी रद्द. बेटावरून सुटणारी छोटी विमानं तोवर भरून गेली होती. बंदरावर उभी राहून आईला फोन केला तेव्हा मागे वाऱ्याचा इतका आवाज होता की तिला माझं रडणं ऐकू गेलं नाही, त्यातल्या त्यात तेवढंच बरं झालं. हळदीला मी पोचले नाही, अक्षतांना पोचले. तेव्हापासून नियम केला : पुढे विमान असेल तर हिवाळ्यात एक दिवस आधी बेट सोडायचं आणि स्टॉकहोमात मुक्काम करायचा. ओळखीतल्या सगळ्यांना हे मी आग्रहाने सांगते.

ज्या वाऱ्याने बोट अडते, त्याच वाऱ्यासाठी मी तिथे गेले होते. विजेच्या इतिहासात या बेटाचं नाव मोठं आहे. समुद्राखालून मुख्य भूमीवरून वीज आणणारी उच्चदाब डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेची) लाइन इथे १९५४मध्ये सुरू झाली, व्यापारी वापराची जगातली पहिली. आपल्या चंद्रपूर–पडघे लाइनचं घराणं तिथूनच सुरू होतं, हे मला तिथल्या वर्गात कळलं आणि अंगावर काटा आला. १९९९मध्ये बेटाच्या दक्षिणेकडून विस्बीकडे पवनऊर्जा आणायला नव्या पद्धतीची दुसरी डीसी लाइन टाकली, तीही व्यापारी वापरातली त्या पद्धतीची जगातली पहिली. दक्षिणेला नेसुद्दन नावाचं सपाट भूशिर आहे. स्वीडनने ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मोठ्या पवनचक्क्यांचे प्रयोग तिथेही केले. वर्गाची सहल तिथे गेली तेव्हा सप्टेंबरातलं लख्ख ऊन होतं. झाड कुठेच नव्हतं. एका पवनचक्कीच्या बुंध्याची लांब, अरुंद सावली गवतावर पडली होती आणि त्या सावलीत मेंढ्या एकामागे एक ओळीने बसल्या होत्या. सावली सरकली की शेवटची उठायची आणि पुढे येऊन बसायची. चाळकेवाडीच्या पठारावर गुरं अशीच बसलेली मी पाहिली आहेत. त्या क्षणी परकेपणा बराच कमी झाला.

मेंढ्यांवरून आठवलं, गॉटलंडमध्ये मेंढी कितीही म्हातारी असो, तिला लाम, म्हणजे कोकरूच म्हणतात. विस्बीच्या गल्ल्यांत गाड्या अडवायला सिमेंटचे एडके बसवलेले असतात.

अभ्यासाची पद्धत निराळी. एका वेळी बहुधा एकच विषय, तो संपवायचा आणि पुढचा घ्यायचा. दहाचा तास सव्वादहाला सुरू होतो, ही उप्सालाची जुनी रीत. प्राध्यापकांना नावाने हाक मारायची. मला पहिले दोन महिने ते जमलं नाही, मी हाक मारायचंच टाळायचे आणि त्यामुळे प्रश्नही विचारायचे राहून जायचे. असं करू नका. तास थोडे दिसतात म्हणून सैल सोडू नका. वाचन घरी करायचं असतं आणि गटकामात कोणी वाचलेलं नाही ते लगेच दिसतं.

आता नोव्हेंबर. बर्फ कमी, पाऊस आणि ओलं वारं जास्त. डिसेंबरअखेरीस सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि तीनच्या सुमारास मावळतो. खोलीत बसलात तर दिवस गेलाच म्हणून समजा. दुपारी बारा ते एक बाहेर चालायचं, पाऊस असला तरी. चांगलं वॉटरप्रूफ जाकीट भारतातून आणू नका, तिथेच जुन्या कपड्यांच्या दुकानात घ्या. संध्याकाळी समुद्रालगतचं आल्मेदाल ग्रंथालय. विद्यापीठाचं आणि गावाचं ते एकच, त्यामुळे शेजारच्या टेबलावर शाळेतली पोरं आणि पेपर वाचणारे म्हातारे असतात. माणसांच्या सोबतीसाठी मी तिथे जायचे.

घरातल्या दोन गोष्टी. बेट चुनखडीचं, पाणी जड. किटलीच्या तळाशी आठवड्यात पांढरा थर धरतो आणि चहावर तवंग येतो. व्हिनेगर घालून उकळा, सुटतो. उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते, बागेला पाइप लावायला बंदी येते. आपल्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. दुसरं, इमारतीची सामायिक धुण्याची खोली. वेळ आधी नोंदवायची आणि ती मिनिटावर पाळायची. मी एकदा वीस मिनिटं उशिरा गेले. माझे ओले कपडे नीट घडी घालून बादलीत ठेवलेले होते आणि वर चिठ्ठी.

ती चिठ्ठी शेजारच्या बाईंची होती, वय पंच्याहत्तरच्या पुढे. माफी मागायला दार वाजवलं, तर त्यांनी आत बोलावून कॉफी पुढे केली. वर त्यांनी एक पिवळाधमक चौकोनी तुकडा दिला. साफ्रान्सपान्काका, गॉटलंडचं खास पक्वान्न. दुधात खिरीसारखा भात शिजवायचा, त्यात केशर, बदाम, अंडी, साखर घालून ओव्हनमध्ये भाजायचं. सोबत फेटलेलं क्रीम आणि साल्मबेरचा मुरंबा. हे ब्लॅकबेरीच्या जातीचं आंबट फळ, मला पहिल्या चमच्याला करवंदाची आठवण झाली. दूध, तांदूळ, केशर. कुठल्या टोकाला येऊन मी काय खातेय, या विचाराने घास घशात अडकला. पुढच्या आठवड्यात मी केशरी भात करून नेला. त्यांनी लवंग बाजूला काढली आणि बाकी सगळा संपवला. मी त्यांना आजी म्हणायला लागले, अर्थ सांगितला तर तो शब्द त्यांनी कागदावर लिहून फ्रिजवर लावला.

स्वीडिश माणसं तुटक असतात असं ऐकून गेले होते. माझा अनुभव असा की ती दार वाजवत नाहीत, पण तुम्ही वाजवलंत तर उघडतात. पहिलं पाऊल नव्या माणसाने टाकायचं असतं.

एप्रिलअखेर काइप नावाची रानपात उगवते, कांद्याच्या पातीसारखी. आजी तिचं सूप करायच्या, मी बेसन पेरून भाजी केली. ३० एप्रिलच्या रात्री ठिकठिकाणी मोठ्या होळ्या पेटतात, थंडीला निरोप द्यायला. मेच्या शेवटी गल्ल्यांतल्या गुलाबांना कळ्या धरतात, बोटी भरून येऊ लागतात, आणि हिवाळा काढलेली माणसं एकमेकांकडे बघून मान हलवतात. त्या वर्षी मलाही कोणीतरी मान हलवली, बेकरीवाल्या बाई असाव्यात.

आता मी पुण्यात असते. नोव्हेंबर लागला की आजींचा फोन येतो. माझं स्वीडिश मोडकंतोडकं झालंय, त्या हळू बोलतात. सुरुवात नेहमी एकच : आज बोट सुटली नाही. मग मी विचारते, वारा कुठून आहे, आणि त्या उठून खिडकीशी जातात.