बर्डीवर नवा फोन घ्यायला निघण्याआधी

बर्डीवर, म्हणजे नागपूरच्या सीताबर्डीत, दुकानदार मेगापिक्सल ऐकवत बसेल. ऐकून घ्या, पण फाइव्हजीचे बँड (फोन ज्या लहरींवर नेटवर्क पकडतो त्या पट्ट्या) विचारा. एन७८ बहुतेक फोनमध्ये असतो. जिओ वापरणार असाल तर एन२८ सुद्धा बघा: तो ७०० मेगाहर्ट्झचा, भिंतींतून जास्त आत शिरतो. महाल भागातल्या जाड भिंतींच्या घरांत हा फरक कळतो.

प्लॅनची नुसती किंमत बघू नका, तिला दिवसांनी भागा. २८ दिवसांचा ‘महिना’ म्हणजे वर्षाला बारा नाही, तेरा रिचार्ज! ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक ३० दिवसांचा प्लॅन ठेवावा लागतो. तो सहसा समोर दिसत नाही, ॲपमध्ये खालपर्यंत शोधा. आणि रोज दोन जीबीचा प्लॅन घेण्याआधी सेटिंगमध्ये मागच्या महिन्याचा वापर बघा. घरी वायफाय असेल तर निम्माही होत नाही.

पोर्ट करायचं असेल, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची असेल, तर आधी नव्या कंपनीचं सिम असलेला मित्र घरी चहाला बोलवा, अन् त्याला सगळ्यात आतल्या खोलीत बसवून फोन लावायला सांगा. एकदा पोर्ट केलं की ९० दिवस परत फिरता येत नाही. मी हे न करता पोर्ट केलं, तेही एप्रिलमध्ये. अख्खा उन्हाळा गच्चीवर उभं राहून बोललो.