वसुली एजन्सीशी थकीत कर्जाची तडजोड कशी करावी

'फोन उचलूच नका, बँक आपोआप निम्म्या रकमेवर येते,' हा सल्ला हल्ली जो तो देतो. प्रत्यक्षात असे गप्प बसणाऱ्याच्या दारात बहुधा वकिलाची नोटीसच आधी येते. स्वतःच्या एका क्रेडिट कार्डाची थकबाकी आणि त्यानंतर ओळखीपाळखीतल्या अनेकांची वैयक्तिक कर्जे सेटलमेंट करून, म्हणजे थकबाकीपेक्षा कमी रक्कम ठरवून ती भरून, मिटवल्यावर माझे मत असे झाले आहे की एजंटशी बोलावे, मोजके बोलावे आणि प्रत्येक गोष्ट लेखी मागावी. पुढील मजकूर विनातारण, म्हणजे काहीही गहाण न ठेवता घेतलेल्या, कर्जापुरता आहे. हप्त्यांची संख्या वाढवून घेऊन पूर्ण रक्कम फेडणे शक्य असेल, तर सेटलमेंटच्या वाटेला जाऊच नये.

बोलणी सुरू करण्यापूर्वी खात्याचा उतारा मागवून मुद्दल, व्याज आणि दंड यांचे आकडे वेगळे काढावेत, आणि जेवढे पैसे खरोखर हाताशी आहेत तेवढ्याचाच विचार करावा.

समोरची व्यक्ती नेमकी कोणाच्या वतीने बोलते आहे, हे पहिल्याच फोनवर विचारावे. एजन्सी बँकेने नेमलेली असेल तर तिच्याकडे बँकेचे अधिकारपत्र असते. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (बँकांची थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले असेल तर बोलणी त्या कंपनीशी होतात, आणि कर्ज हस्तांतरित झाल्याचे पत्र तिच्याकडून मागता येते. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या सूचनांनुसार वसुलीसाठी सकाळी 8 पूर्वी आणि सायंकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. धमकावणे, चारचौघांत अपमान करणे किंवा नातेवाइकांना त्रास देणे यांनाही मनाई आहे. असे घडल्यास वाद घालत बसू नये. फोनच्या नोंदी आणि संदेश जपून ठेवून बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही.

रकमेची घासाघीस लोकांना वाटते तेवढी अवघड नसते. मुद्दल हा आधार धरावा, पहिला आकडा एजंटला सांगू द्यावा आणि आपला आकडा एकरकमी भरण्याच्या अटीवर मांडावा. 'आजच शेवटची तारीख आहे' या वाक्याला घाबरू नये. ते प्रत्येक महिनाअखेरीस ऐकू येते, कारण एजंटचे कमिशन त्या महिन्याच्या वसुलीवर अवलंबून असते. मात्र 'निदान पाच हजार टाका, म्हणजे फाइल वर पाठवतो' ही मागणी साफ नाकारावी. तो पैसा व्याजात जिरतो. शिवाय वसुलीसाठी बँकेला न्यायालयात दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत संपण्यापूर्वी सहीनिशी दिलेली कबुली किंवा लेखी नोंद असलेला आंशिक भरणा यांमुळे ती मुदत नव्याने मोजली जाते. कर्ज जुने असेल तर काहीही लिहून देण्याआधी वकिलाला विचारावे.

खरी अडचण रक्कम ठरल्यानंतर सुरू होते, आणि मलाही सर्वांत जास्त झगडावे लागले ते येथेच. सूट देण्याचा अधिकार एजंटला नसतो. तो बँकेचा असतो. म्हणून फोनवर ठरलेल्या आकड्याला बँकेचे पत्र हातात पडेपर्यंत काडीचीही किंमत नाही. तरीही 'आधी पैसे भरा, पत्र दोन दिवसांत येईल' असे इतक्या सहजपणे सांगितले जाते की भलेभले भुलतात.

एका परिचिताला आलेले पत्र मी पाहिले होते. वर बँकेचे ठळक बोधचिन्ह, खाली शिक्का, रक्कमही ठरली तीच. परंतु ती रक्कम 'थकबाकीपोटी' स्वीकारली जाईल एवढेच त्यात लिहिले होते, 'पूर्ण व अंतिम' हे शब्द कोठेही नव्हते, खाते क्रमांकाचे शेवटचे चार आकडे जुळत नव्हते आणि ईमेल कोणालाही फुकट उघडता येईल अशा पत्त्यावरून आला होता. विचारल्यावर एजंट म्हणाला की पैसे जमा झाले की सिस्टिममधून सुधारित पत्र आपोआप निघते. असे काहीही आपोआप निघत नसते. त्या पत्रावर पैसे भरले असते तर ते साधा आंशिक भरणा म्हणून जमा होऊन उरलेली थकबाकी तशीच राहिली असती.

पत्रात कर्जखात्याचा पूर्ण क्रमांक, एकूण थकबाकी, तडजोडीची रक्कम, भरण्याची अंतिम तारीख, रक्कम मिळाल्यावर काहीही येणे राहणार नाही हे स्पष्ट विधान, आणि धनादेश न वटल्याचा किंवा अन्य खटला चालू असल्यास तो मागे घेण्याची हमी, एवढे असलेच पाहिजे. त्यानंतर पत्रावर छापलेल्या क्रमांकावर नव्हे, तर बँकेच्या संकेतस्थळावरील क्रमांकावर फोन करून किंवा शाखेत जाऊन ते पत्र खरे असल्याची खातरजमा करावी. शाखेतला कारकून 'हे आमच्याकडे नसते' म्हणून टोलवतो. अशा वेळी तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल पाठवून लेखी उत्तर मागावे. रक्कम हप्त्यांत भरायची असेल तर एक हप्ता चुकल्यास काय होईल, ते कलम दोनदा वाचावे. बहुतेक पत्रांत तडजोड रद्द होऊन भरलेले पैसे मूळ थकबाकीत वळते होतात, म्हणून माझा आग्रह एकरकमी भरण्याचाच असतो.

पैसे थेट कर्जखात्यातच भरावेत. एजंटला रोख देऊ नये आणि त्याच्या यूपीआयवर एक रुपयाही पाठवू नये.

नंतर थकबाकी नसल्याचा दाखला घ्यावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत आणि हप्ता आपोआप कापण्याची परवानगी रद्द करावी. 'सिबिल स्वच्छ करून देतो' हे एजंटचे आश्वासन खोटे असते, कारण पतअहवालात (सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्या ठेवतात त्या कर्जफेडीच्या नोंदीत) खाते 'बंद' असे न दिसता 'सेटल्ड' असे दिसते आणि ते नियमाला धरूनच आहे. मात्र दोनएक महिन्यांनंतरही तेथे थकबाकी दिसत असेल, तर बँकेकडे आणि पतमाहिती कंपनीकडे दुरुस्तीची तक्रार नोंदवावी. 30 दिवसांत ती सुटली नाही तर पुढील प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई मिळते. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या चौकटीनुसार शेतीकर्ज वगळता, तडजोड केलेल्या कर्जदाराला नवे कर्ज देण्यापूर्वी किमान 12 महिने जावे लागतात. त्या काळात ठिकठिकाणी अर्ज करीत राहिल्यास प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात पडत राहते, तेव्हा अर्जच करू नये.