रेडवुडच्या जंगलात सायकलची फेरी कशी मारावी

कॅलिफोर्नियात ऑकलंडच्या डोंगरांमध्ये रेडवुड या फार उंच वाढणाऱ्या सूचिपर्णी झाडांचं रेडवुड रीजनल पार्क आहे (आता त्याचं नाव राइनहार्ट रेडवुड रीजनल पार्क).​ बे एरियातले, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीभोवतालचे, माझ्या ओळखीचे मराठी लोक तिथे चालायला आवडीने जातात, सायकल मात्र क्वचितच कोणी नेतं. खरं तर दोन डोंगरधारांवरून जाणारी साधारण 9 मैलांची, म्हणजे 14-15 किलोमीटरची गोल वाट सायकलसाठी फार सुंदर आहे. थोडं डांबर, मग दाबलेली माती, सुटी खडी, झाडांखाली मुळं असं सगळं या एकाच फेरीत भेटतं. त्यामुळे एकच सूत्र धरा: खालची जमीन बदलायच्या आधी आपण बदलायचं. खडी चाकाखाली आली की मग ब्रेक दाबायला उशीर झालेला असतो.

सुरुवात ब्रेकपासून. भारतात बहुतेक सायकलींचा पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, अमेरिकेत तो डाव्या हाताला. मी इथे नवा होतो तेव्हा भाड्याची सायकल घेऊन निघालो. उतारावर खडी दिसली आणि मागचा ब्रेक समजून सवयीने डावा दाबला. पुढचं चाक जागीच अडकून घसरलं. कोपर सोलवटलं आणि तळहातात रुतलेले खडे घरी येऊन चिमट्याने काढावे लागले. म्हणून आधी वाहनतळावरच चार-पाच चकरा मारा आणि कुठल्या हाताने कुठलं चाक थांबतं ते अंगवळणी पडू द्या.

मग टायर. 40 मिलिमीटर किंवा त्याहून रुंद, खाचा असलेले टायर हवेत. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलचे बारीक टायर इथे नकोत. हवा नेहमीपेक्षा कमी ठेवा. माझं वजन 72 किलो आहे आणि 42 मिलिमीटरच्या टायरमध्ये मी 35 ते 38 पीएसआय (पंपावर दिसणारं हवेच्या दाबाचं माप) भरतो. टायर दगडासारखा टणक असेल तर खडीवर उड्या मारतो. थोडा मऊ असला की जमीन धरून चालतो. फार मऊही नको, नाहीतर मुळावर आपटून रिमला धक्का बसतो आणि ट्यूब फाटते.

निघायचं कॅन्यन मेडोच्या वाहनतळावरून. रेडवुड रोडवरच्या फाटकातून आत आलात की लागतं तेच. इथून ओढा डाव्या हाताला ठेवून, म्हणजे प्रदक्षिणेच्या उलट दिशेने फिरायचं. असं केलं की मोठा चढ ताज्या पायांनी होतो आणि शेवटी उतार मिळतो.

कॅन्यन ट्रेलचा चढ छोटा पण छातीवर येणारा आहे. गिअर चढ लागायच्या आधीच हलका करा, कारण पेडलवर पूर्ण जोर असताना चेन नीट बदलत नाही. सीटवरच बसा, अंग पुढे झुकवा. उभं राहिलात तर मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते मातीत नुसतं गरगरतं. दम संपला तर उतरून सायकल ढकला, मी अजूनही कधीकधी ढकलतो.

वर ईस्ट रिज, म्हणजे पूर्वेकडची डोंगरधार, लागली की डावीकडे वळा. ही वाट रुंद आणि बरीचशी उघडी आहे, उन्हाळ्यात धुळीने भरलेली. निलगिरीखाली तिची टणक फळं गोट्यांसारखी विखुरलेली असतात. त्यांच्यावर वळताना ब्रेक नको. वेग आधीच कमी करा आणि हँडल सैल धरून जाऊ द्या. उद्यानात वेगमर्यादा ताशी 15 मैल आहे.

स्कायलाइन गेट या उद्यानाच्या दुसऱ्या फाटकाशी जरा टेका, पाणी प्या, मग वेस्ट रिजने, म्हणजे पश्चिमेकडच्या डोंगरधारेने, परत फिरा. इथे जमिनीकडे लक्ष द्या. समुद्रावरून येणारं धुकं रेडवुडच्या पानांवर साचतं आणि ठिबकतं, त्यामुळे आसपासचे डोंगर वाळून पिवळे झालेले असतानाही या झाडांखालची मुळं ओली आणि निसरडी असतात. मूळ तिरकं ओलांडू नका. शक्य तितकं काटकोनात जा आणि त्या क्षणी ब्रेक सोडा. ही झाडं वर्तुळात उभी का, असा प्रश्न पडेल. 1840 ते 1860 च्या सुमारास इथलं मूळ जंगल लाकडासाठी जवळजवळ पूर्ण तोडलं गेलं, आणि जुन्या बुंध्यांच्या कडेने नवे कोंब फुटले. तोडण्याआधी ती झाडं इतकी उंच होती की खाडीत शिरणारी जहाजं त्यांच्या खुणेवर दिशा ठरवत. मला त्या वर्तुळात थांबल्याशिवाय पुढे जाववत नाही.

शेवटचा उतार तीव्र आहे. सीट थोडी खाली घ्या, पेडल आडवे ठेवा, पार्श्वभाग सीटच्या मागे न्या आणि दोन्ही ब्रेक हलके हलके दाबत उतरा.

वाटेत माणसं, कुत्री आणि घोडे भेटतील. घंटी लांबूनच वाजवा. घोड्याजवळ मात्र वाजवू नका. थांबा आणि स्वाराशी मोठ्याने बोला, म्हणजे घोड्याला कळतं की हा माणूस आहे. स्वार सांगेल तेव्हाच पुढे व्हा. ओढ्याकाठच्या स्ट्रीम ट्रेलच्या वरच्या भागात सायकलला बंदी आहे. हिवाळ्यात तिथे हजारो लेडीबग (ठिपक्यांचे छोटे लाल किडे) फांद्यांवर आणि कुंपणाच्या खांबांवर गठ्ठ्यांनी बसलेले असतात. ते पाहायला चालतच जा.

आणि कडेच्या झुडपांत शिरू नका. तीन-तीन पानांचं पॉयझन ओक तिथे सगळीकडे आहे. ते आपल्या बिब्ब्याच्याच कुळातलं, आणि बिब्बा उततो तसंच अंगावर उततं. त्याचं तेल कपड्यांना आणि हँडललाही चिकटून राहतं. घरी पोचलात की गार पाण्याने आणि साबणाने हातपाय चोळून धुवा, मोजे वेगळे धुवायला टाका, आणि मग हँडलची पकड ओल्या साबणाच्या फडक्याने पुसून घ्या.